घरगुती फराळाची परिसरात जाहिरात कशी करावी?

घरगुती फराळाचा व्यवसाय फारसा खर्च न करता आसपासच्या सोसायट्यांपर्यंत कसा पोहोचवावा, असे आपण विचारले आहे. माझ्या मते पत्रकाआधी चव पोहोचली पाहिजे. दिवाळीच्या तोंडावर प्रत्येक घरी कोणाला तरी ऑर्डर देऊन झालेली असते. म्हणून गणेशोत्सवात, मंडळाच्या कार्यकर्त्यांची परवानगी घेऊन, आरतीनंतर दोन भाजणीच्या चकल्या आणि मूठभर चिवड्याचे छोटे पाकीट प्रत्येकाच्या हाती द्यावे. त्यावर घटकपदार्थ, तयार केल्याची तारीख, आपला दूरध्वनी क्रमांक आणि एफएसएसएआय या केंद्रीय अन्नसुरक्षा प्राधिकरणाचा १४ अंकी नोंदणी क्रमांक स्पष्ट छापलेला असावा, कारण अनोळखी स्वयंपाकघरातील पदार्थ मुलांना देताना आई-वडील हेच आधी पाहतात. दसऱ्यापर्यंत आगाऊ नोंदणी घेतल्यास भाजणी किती दळायची याचाही अंदाज येतो. गूगल मॅप्सवरील नोंद विनामूल्य आहे, ती अवश्य करावी. सोसायटीच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर मात्र रोज संदेश टाकू नयेत, लोक कंटाळतात. त्याऐवजी दिवाळीनंतर प्रत्येक ग्राहकाला स्वतः फोन करून चकली मऊ पडली का, तिखट जास्त झाले का, हे आवर्जून विचारावे आणि तक्रार खरी असल्यास डबा बदलून द्यावा.