बाबांना घेऊन चार दिवसांत अंदमान: जावं की नाही?

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. बाबांचं वय ७६, गुडघे कुरकुरतात पण रोज सकाळचं फिरणं चालू आहे, आणि त्यांना एकदा सेल्युलर जेल डोळ्यांनी बघायचंय. तुम्हाला दोघांना जानेवारीत शुक्रवार ते सोमवार एवढीच सुट्टी मिळतेय. घरचे म्हणतायत, पुण्याहून इतक्या लांब चार दिवसांसाठी जाणं म्हणजे पैसे पाण्यात, नेणार असाल तर आठ दिवस न्या. आणि आठ दिवसांची सुट्टी पुढची दोन वर्षं तरी दिसत नाही.

माझं उत्तर आधीच देते: जा. फक्त तुम्ही लिहिलेला पोर्ट ब्लेअर आणि शिवाय हॅवलॉक, नील, बाराटांग ही बेटं हा बेत घेऊन जाऊ नका.

मी तीनदा गेले आहे. पहिल्यांदा नवरा आणि मुलांबरोबर पाच दिवस, दुसऱ्यांदा सासऱ्यांना घेऊन चार दिवस, तिसऱ्यांदा मैत्रिणींबरोबर नऊ दिवस. तुमच्या प्रश्नाला उपयोगी पडेल ती दुसरी खेप. पण पहिली का फसली ते आधी सांगते, कारण तुमचा बेत हुबेहूब तसाच आहे.

तेव्हा आम्हीही सगळं बघायचं ठरवलं होतं. पहिल्या दिवशी दुपारी उतरलो, धावतपळत जेल केलं, पाऊण तासात बाहेर. दुसऱ्या दिवशी पहाटे बोटीने हॅवलॉक, तिसऱ्या दिवशी नील, चौथ्या दिवशी परत हॅवलॉक, पाचव्या दिवशी सकाळच्या बोटीने पोर्ट ब्लेअर आणि दुपारी विमान. त्या पाचव्या सकाळी समुद्र खवळलेला होता आणि बोट रद्द झाली. विमान गेलं. चार जणांची नवी तिकिटं ऐनवेळच्या भावाने काढली आणि दोन दिवसांनी घरी पोचलो. चूक बोटवाल्यांची नव्हती, तशा समुद्रात बोट सोडू नये हेच बरोबर. चूक आमची होती. परतीच्या विमानाच्या आदल्या रात्री पोर्ट ब्लेअरमध्येच मुक्काम करायचा, हा तिथला पहिला नियम आम्ही पाळला नव्हता.

नावांबद्दल एक, नाहीतर बुकिंग करताना गोंधळ होईल. सप्टेंबर २०२४ मध्ये पोर्ट ब्लेअरचं नाव श्री विजयपुरम केलं गेलं. हॅवलॉक २०१८ च्या अखेरीपासून स्वराज द्वीप आहे, नील शहीद द्वीप आणि रॉस बेट नेताजी सुभाषचंद्र बोस द्वीप. ठिकठिकाणी जुनी-नवी दोन्ही नावं दिसतील. तुम्ही जुनी लिहिलीत म्हणून मीही जुनीच लिहितेय.

आता तुमचे चार दिवस खरे किती, ते मोजू. पुण्याहून चेन्नई, बंगळुरू किंवा कोलकात्याला विमान बदलून जावं लागतं असं धरून चाला. चेन्नईहून पुढे सव्वादोन तासांचं उड्डाण आहे. मधला थांबा, लोहगावच्या विमानतळावर आधी पोचणं हे सगळं धरलं तर घरातून निघाल्यापासून आठ-दहा तास जातात. परतीची बरीच विमानं सकाळ-दुपारची असतात, म्हणजे सोमवार गेलाच.

त्यात एक गोष्ट पुण्याच्या माणसाच्या लक्षात येत नाही. घड्याळ तिथे आपलंच, पण सूर्य वेगळा. पोर्ट ब्लेअर पुण्याच्या पूर्वेला जवळपास १९ रेखांश आहे, म्हणजे सूर्याच्या हिशेबाने सव्वा तास पुढे. डिसेंबरच्या शेवटी पुण्यात सहा वाजता सूर्य मावळतो, तिथे पाचला. तुमच्या जानेवारीत सव्वापाच धरा, पावणेसहाला काळोख. उलट सकाळी सहाच्या आत लख्ख उजाडलेलं असतं. आपल्या सवयीने नऊला नाश्ता करून दहाला बाहेर पडलात तर दिवसाचा तिसरा हिस्सा हॉटेलातच संपतो. बाबांना पहाटे उठायची सवय आहे, ती इथे फार कामाला येईल.

शुक्रवारी अकराच्या सुमारास उतरलात तर त्या दिवशी उजेडाचे सहा तास. शनिवार-रविवार मिळून तेवीस. झाले एकोणतीस. आता यात हॅवलॉक घाला. वेगाची खासगी बोट दीड ते दोन तास घेते, पण धक्क्यावर आधी जाऊन थांबणं, सामान तपासणी, उतरून रिक्षा, हॉटेलची खोली मिळेपर्यंत बसून राहणं धरलं तर एका बाजूला चार तास कुठे गेले कळत नाही. जाऊन-येऊन आठ. नील घातलं की आणखी. बाराटांगसाठी शंभर किलोमीटरचा रस्ता जारवा आदिवासींच्या राखीव जंगलातून ताफ्याने पार करावा लागतो, त्यासाठी मध्यरात्रीनंतर तीन-चारला निघायचं आणि संध्याकाळी परत. ७६ वर्षांच्या पाठीला ते सोसणार नाही. शिवाय मी एकदा त्या रस्त्याने गेले आहे आणि पुन्हा जाणार नाही. गाडीतली माणसं काचेला नाक लावून बाहेर कुणी जारवा दिसतो का हे शोधत होती. माणसांना असं बघायला जाणं मला सहन झालं नाही.

यजमानांना रविवारी स्कूबा करायचंय असंही तुम्ही लिहिलंय. सोमवारी सकाळचं विमान असेल तर नको. पाण्याखाली दाबामुळे नायट्रोजन रक्तात विरघळतो, तो हळूहळू बाहेर पडायला वेळ लागतो आणि विमानात केबिनचा दाब कमी असतो. एका डुबकीनंतर किमान १२ तास, जास्त डुबक्यांनंतर १८ तास उडू नये असा दंडक आहे आणि बरेच प्रशिक्षक सरळ २४ तास सांगतात. तुमच्या चार दिवसांत हे बसतच नाही. स्कूबाची हौस तारकर्लीला भागेल, पुण्याहून गाडीने जाता येतं आणि परतताना विमान नाही. मुळात निळं पाणी आणि पांढरी वाळू एवढंच हवं असतं, तर मी तुम्हाला चार दिवसांसाठी अंदमानला जाऊच नका म्हटलं असतं. मालवणला जा, सिंधुदुर्ग बघा, मासे खा, या.

पण तुम्हाला ते नकोय. तुमच्या प्रश्नात कारण एकच आहे, बाबांना जेल बघायचंय. आणि ते जेल विमानतळापासून गाडीने पंधरा-वीस मिनिटांवर आहे. बोट नाही, घाट नाही. म्हणून मी जा म्हणतेय.

आम्ही नानांना, म्हणजे माझ्या सासऱ्यांना घेऊन गेलो तेव्हा ते ७९ वर्षांचे होते. पहाटे लोहगावला निघालो, येरवडा आलं तसं ते म्हणाले, "तात्यारावांना सोडलं ते इथूनच." १९२४ च्या जानेवारीत सावरकरांची सुटका येरवड्याच्या तुरुंगातून झाली, हे मला शाळेत कधीतरी शिकवलं असणार, पण रोज त्या भागातून जाताना आठवलं नव्हतं. नाना तरुणपणी त्याच भिंतीच्या बाजूने सायकलने कामावर जात. एका तुरुंगावरून निघून दुसऱ्या तुरुंगाकडे चाललोय, असं काहीतरी त्यांच्या मनात होतं. विमानात ते झोपले नाहीत.

त्या खेपेला आम्ही पोर्ट ब्लेअर सोडलंच नाही. तीन रात्री एकाच हॉटेलात, सामान एकदाच उघडलं. पहिल्या दुपारी जेल बघितलं. संध्याकाळी तिथेच ध्वनिप्रकाशाचा कार्यक्रम. दुसऱ्या दिवशी रॉस बेट, आणि तिसऱ्या दिवशी सकाळी काय करायचं विचारलं तर नाना म्हणाले, "पुन्हा तिथेच जाऊ." तर पुन्हा जेल. पहिल्या दिवशी ते बघत होते, दुसऱ्यांदा गेलो तेव्हा नुसते बसले. एकाच जागी दोनदा जाता येणं हे तीन बेटं घाईने उरकण्यापेक्षा मला फार मोलाचं वाटलं, आणि चार दिवसांत ते फक्त असंच जमतं.

जेलबद्दल जरा सविस्तर सांगते, म्हणजे बाबांचा वेळ नीट जाईल. बांधकाम १८९६ ते १९०६. मधला मनोरा आणि त्याला चाकाच्या आऱ्यांसारख्या सात तीनमजली इमारती, जवळपास सातशे कोठड्या. आज तीनच इमारती उभ्या आहेत, बाकीच्या पडल्या आणि पाडल्या गेल्या. आवारातच आता मोठं सरकारी रुग्णालय आहे. एका इमारतीचं तोंड दुसरीच्या पाठीकडे येईल अशी रचना आहे, म्हणजे समोरच्या कोठडीतला माणूस कधी दिसूच नये. कोठडी साडेतेरा फूट लांब, सातेक फूट रुंद, झरोका डोक्याच्या कितीतरी वर. बाबांना दाराची कडी आवर्जून दाखवा. तिचं टोक दारापासून लांब भिंतीतल्या खोबणीत जातं, आतल्याने गजांतून हात काढला तरी पोचत नाही. नाना त्या कडीपाशी बराच वेळ उभे होते. त्यांनी मला आत उभं राहून हात बाहेर काढायला लावला. नाही पोचला.

सावरकरांची कोठडी सगळ्यात वरच्या मजल्यावर, ओळीच्या अगदी टोकाला आहे. जुलै १९११ ते मे १९२१ या काळात ते या तुरुंगात होते आणि थोरले बंधू बाबाराव त्यांच्याही आधीपासून तिथे होते. फाशीघर त्याच बाजूला खाली आहे. अंगणात कोलू ठेवलाय, ज्याला बैलाच्या जागी माणसं जुंपून दिवसाला तीस पौंड खोबरेल काढून घेत. मनोऱ्यात संगमरवरावर कैद्यांची नावं प्रांतांप्रमाणे कोरली आहेत. आपण मराठी माणसं एक कोठडी बघून परत फिरतो. कृपा करून तसं करू नका. बंगालच्या नावांची यादी बघा केवढी आहे, पंजाबची बघा. नानांनी चष्मा काढून पुसून बंगालची अख्खी यादी वाचली, मोठ्याने, आणि शेजारी उभं असलेलं एक बंगाली कुटुंब त्यांच्याबरोबर वाचायला लागलं.

वर जायला जिने चढावे लागतात आणि दगडी मार्गिका लांब आहेत. दुपारी उतरल्या उतरल्या थकल्या अंगाने बाबांना वर नेऊ नका. पहिल्या दिवशी खालचं संग्रहालय, अंगण आणि संध्याकाळचा कार्यक्रम एवढंच करा. कोठडीचा मजला शनिवारी सकाळी, उघडल्या उघडल्या. तेव्हा गर्दी नसते, सहलीच्या बसगाड्या नंतर येतात. कार्यक्रम हिंदीत असतो त्या खेळाचं तिकीट आधी काढा. उघड्यावर बसायचं असतं, बाबांसाठी एक शाल न्या.

रॉस बेटाला मात्र न्याच. बोट दहा-पंधरा मिनिटांची. १८५८ मध्ये कैद्यांची वसाहत सुरू झाल्यापासून पुढची ऐंशीहून अधिक वर्षं इंग्रजांचं ठाणं तिथे होतं. त्यांचं चर्च, बंगले, बेकरी, सगळ्याच्या भिंती झाडांच्या मुळांनी गिळल्या आहेत. जेलनंतर हे बघावं, त्याच क्रमाने. चालवत नसेल तर बॅटरीची गाडी मिळते. रविवारी दुपारी तीनला निघून चिडिया टापूला सूर्यास्त बघा, म्हणजे समुद्राची हौसही थोडी भागेल. चाथमची जुनी लाकूड गिरणी, मानववंश संग्रहालय वगैरे वेळ उरला तर, नाही उरला तरी काही बिघडत नाही.

बाकी बारीकसारीक: जेल आणि रॉस बेट दोन्हींच्या सुट्टीचे वार आणि राष्ट्रीय सुट्ट्या तिकीट काढण्याआधी बघून घ्या. तुमचे दिवस मोजके आहेत, शिवाय २६ जानेवारी जोडून घेणार असाल तर हे आधी. बाबांची औषधं हातातल्या पिशवीत, दोन दिवसांची जास्त. चेन्नईच्या थांब्यात त्यांना चालवा, पाय सुजत नाहीत. किनाऱ्यावरचे शंख-प्रवाळ उचलून आणू नका, कायद्याने बंदी आहे आणि विमानतळावर सामान तपासतात.

घरच्यांना सांगायचं तर एवढं सांगा की आठ दिवसांची सुट्टी मिळेपर्यंत बाबा ७८ वर्षांचे होतील आणि जिने तेवढेच राहतील. नाना आता नाहीत. त्या सहलीनंतर वर्षभरातच त्यांचं चालणं थांबलं. आम्हीही "पुढच्या वर्षी निवांत जाऊ" म्हणत दोन वर्षं घालवली होती.

आजपासून बाबांना सोसायटीचे दोन मजले रोज सकाळ-संध्याकाळ सावकाश चढवा, कठड्याला धरून. महिन्याभरात फरक दिसेल. तारखा पक्क्या झाल्या की इथेच लिहा, जेलच्या जवळ आणि लिफ्ट असलेली राहायची जागा कशी शोधायची ते सांगते.