डब्ल्यूडब्ल्यूई २के२२ या कुस्तीच्या व्हिडिओ गेमच्या मायजीएममध्ये (यात आपण मॅनेजर होऊन कुस्तीचा शो चालवतो) रोस्टरचा, म्हणजे आपल्या मल्लांच्या ताफ्याचा, समतोल कसा साधावा? ड्राफ्टमध्ये, म्हणजे सुरुवातीला मल्ल निवडताना, मोठा स्टार घेतला की दहाव्या आठवड्यातच माझे पैसे संपतात.

मग घेऊ नका मोठा स्टार. उत्तर एवढंच. पण तुमचा प्रश्न वाचला आणि आमचे तात्या डोळ्यांसमोर उभे राहिले, त्यामुळे जरा लांबण लागणार.

बेळगावहून खानापूरकडे जाताना आतल्या बाजूला आमचं गाव. जत्रेत कुस्तीचं मैदान भरतं आणि कुस्त्या नेमायचं काम माझ्या चुलत्यांकडे, म्हणजे तात्यांकडे. मायजीएम म्हणजे तरी दुसरं काय हो? पट्टी काढायची, मल्ल ठरवायचे, जोड लावायची आणि माणूस शेवटच्या कुस्तीपर्यंत जागचा उठणार नाही हे बघायचं. मी जीएम मोड खेळतोय तो स्मॅकडाऊन वर्सेस रॉ २००६ पासून, प्लेस्टेशन टूवर. पुढे २००८ च्या गेमनंतर तो मोड गायब झाला, तो थेट २०२२ मध्ये परत आला. तेवढ्या भांडवलावर तात्यांना अक्कल शिकवायचा हक्क आपल्याला आहे, असं मला वाटायचं.

कोरोनाच्या आदल्या जत्रेची गोष्ट. दीड लाख पट्टी जमली. तात्या म्हणाले, पंजाबचा मल्ल आणायचा. मी म्हटलं, तात्या, त्याच्यासमोर कोण? "बघू की. पोस्टरवर फोटो बघून माणूस येतंय, समोरच्याचं नाव कोण वाचतंय?" झालं. नव्वद हजार त्या एका मल्लात गेले. त्याच्या तोलाचा गडी कोल्हापूरच्या तालमीत होता, पण तो तेवढेच मागणार. पैसे कुठले? शेवटी दावणगेरेकडचा वीस-बावीस वर्षांचा एक पोरगा पंचवीस हजारांत तयार झाला. पोस्टर मराठीत आणि कन्नडमध्ये छापलं, चौकाचौकात लागलं. गर्दी झाली, हे खोटं सांगणार नाही. दुपारी तीनला रेवडीच्या कुस्त्या सुरू झाल्या तेव्हापासूनच माणूस बसलेलं.

अंधार पडला, लाईट लावले, शेवटची जोड हौद्यात आली. हलगी अशी कडाडली की अंगावर काटा. सलामी झाली आणि दीड मिनिटात घिश्श्यावर पोरगं चितपट. हलगीवाल्याचे हातसुद्धा गरम झाले नव्हते. मागून कोणीतरी ओरडलं, "एवढ्यासाठी पट्टी दिली काय गा?" तात्या विजेत्यांना फेटे बांधायला न थांबता घरी गेले.

त्या मैदानातली कुठली कुस्ती लोकांच्या लक्षात आहे सांगू? मधली, पाच हजारांची. एक पोरगा कंग्राळीचा, एक कडोलीचा. पंधरा मिनिटं एकमेकाला सोडलं नाही. लोक उठून खिशातल्या शंभर-शंभरच्या नोटा इनामात घालायला लागले, आणि मग कडोलीच्या पोराने ढाक मारली. आजही चहाच्या टपरीवर त्या ढाकेची गोष्ट निघते. नव्वद हजारवाल्याचं नाव विचारा, अर्ध्या गावाला आठवणार नाही.

तर तुमचे पैसे दहाव्या आठवड्यात का संपतात ते यात आहे. स्टारची किंमत ड्राफ्टमध्ये दिसते तेवढी नसते. त्याच्या तोलाचा विरोधक विकत घ्यावा लागतो, ती दुसरी किंमत. तो दर आठवड्याला लढला की स्टॅमिना उतरतो, मग दुखापत होते; तो बसल्यावर कार्ड, म्हणजे त्या दिवसाच्या कुस्त्यांची यादी, ओढायला तिसरा लागतो, ती तिसरी. म्हणून ड्राफ्टला बसताना मल्ल मोजू नका, जोड मोजा. हा घेतला तर याच्यासमोर कोण, आणि तो जखमी झाला तर कोण, ही दोन नावं आधी ठरल्याशिवाय मी कोणाला हात लावत नाही.

यात मी स्वतः एकदा तोंडावर आपटलोय. आपल्या मातीत जोड म्हणजे सारखी जोड: उंची, वजन, वय बघून पंच दोन पोरांचे हात धरून हौद्यात फिरवतात. गेममध्ये मल्लांचे प्रकार असतात: फायटर, ब्रूझर, जायंट, क्रूझर, स्पेशलिस्ट. तेच मातीतलं डोक्यात ठेवून मी जायंटसमोर जायंट आणि फायटरसमोर फायटर लावत बसलो. पहिला सीझन पार पालथा. गेमला सारखेपणा नको असतो. फायटरला ब्रूझर, जायंटला क्रूझर, एक फेस (लोकांचा लाडका) आणि एक हील (खलनायक), अशी लावली की मॅचला रेटिंग मिळतं. स्पेशलिस्ट कुठेही चालतो, म्हणून एखादा खिशात ठेवावा. तात्यांनी एकदा मागे उभं राहून बघितलं. रे मिस्टेरिओ आणि समोर ओमोस. "काय करालास रे? असली जोड आमच्या मैदानात लावली तर पंचाला आधी मार बसेल."

फेस आणि हील किती? निम्मे-निम्मे, यात डोकं लावायचं काही नाही. आमच्याकडे उलट ते सोपं नसतं. तोच दावणगेरेचा मल्ल इथे हील आणि धारवाडच्या पुढे फेस. निपाणीत तर कोणाच्या बाजूने ओरडायचं हे कोण शेजारी बसलंय त्यावर ठरतं. एकसंब्याचे श्रीपती खंचनाळे, १९५९ चे पहिले हिंद केसरी: गाव आज कर्नाटकात, तालीम कोल्हापूरची, आणि दोन्हीकडचे म्हणतात आमचे. असा मल्ल ड्राफ्टमध्ये मिळाला तर मात्र घर विकून घ्या.

बाकी रायव्हलरी, म्हणजे दोन मल्लांमधलं वैर, आधी मधल्या फळीत पेरा, मोठ्या शोला ती पिकते. दमलेल्याला प्रोमोला, म्हणजे कुस्तीऐवजी माईकवर बोलायला, लावा, स्टॅमिना वाचतो. पोरींच्या जोडी शेवटी उरलेल्या पैशांत घेऊ नका, प्रत्येक ब्रँडला, म्हणजे शोला, महिलांचा बेल्ट वेगळा असतो. आमच्या मैदानातही आता महिला कुस्त्या असतात आणि त्या वेळेला कोणी चहाला उठत नाही.

आता जे सांगायचं नव्हतं ते. कोरोनानंतर मैदान पुन्हा भरलं तेव्हा तात्यांनी कुस्त्या नेमायचं काम माझ्यावर टाकलं. मी एकही मोठं नाव घेतलं नाही, सगळा पैसा मधल्या दहा जोडींत घातला. कुस्त्या एकाहून एक झाल्या. पण माणूस निम्मं. पोस्टरवर बघायला कोणी नव्हतं. तात्या हे अजून दर जेवणाला काढतात. त्यामुळे वर "घेऊ नका" म्हटलंय ते जरा बेताने घ्या: पंधरा आठवड्यांचा सीझन असेल तर एक स्टार चालतो, तेवढ्यात त्याला पिळून घेता येतं. पन्नास आठवड्यांच्या सीझनला मात्र तो बुडवतोच, यावर मी ठाम आहे, तात्या काही म्हणोत.

आणि २के२३ वर जाणार असाल तर मधली फळी अजून दणकट ठेवा, तिथे मिडकार्डला वेगळा बेल्ट आहे. शेवटी गेमवाल्यांनाही माझं पटलं म्हणून तात्यांना हे मोठ्या तोऱ्यात सांगायला गेलो. त्यांनी तंबाखू मळता मळता विचारलं, "कडोलीच्या पोराला फेटा कोणी बांधला होता त्या दिवशी? मी तर घरी होतो."

मीही बांधला नव्हता.