गुरांना माफी, बटाट्याला दशमांश

प्रश्न: आयर्लंडमधले व्हाइटबॉइज कोण होते? कॅथलिक शेतकरी प्रोटेस्टंट चर्चला दशमांश द्यायला तयार नव्हते, म्हणजे हा धर्माचाच झगडा ना? (एक वाचक, सांगली)

उत्तर: धर्म होताच हो, पण नुसतं तेवढंच म्हटलं तर निम्मी गोष्ट हातातून निसटते. १८व्या शतकात तिथे पीनल लॉज, म्हणजे कॅथलिकांवर बंधनं घालणारे कायदे होते, कॅथलिक माणसाला जमीन विकत घेता यायची नाही, ५ पौंडांहून महाग घोडासुद्धा ठेवता यायचा नाही आणि वर ज्या चर्चची तो पायरीही चढत नाही त्या प्रोटेस्टंट चर्च ऑफ आयर्लंडला पिकातला दहावा हिस्सा द्यायचा. पण खरी मेख पुढेच आहे. १७३५ मध्ये डब्लिनच्या पार्लमेंटात बसलेल्या जमीनदारांनी ठराव करून गुरांच्या चराऊ जमिनी दशमांशातून जवळपास सोडवून घेतल्या, म्हणजे गुरांचे कळपच्या कळप पाळणारा बडा माणूस सुटला आणि दक्षिणेकडच्या मन्स्टर प्रांतात अर्धा एकर बटाटे लावणारा अडकला!

वसुलीला पाद्री स्वतः कशाला येतोय, तो मक्ता देऊन मोकळा. मग प्रॉक्टर, म्हणजे दशमांश वसूल करणारा माणूस, उभ्या पिकात फिरून अंदाज बांधणार आणि रोख नसेल तर व्याजाची चिठ्ठी लिहून घेणार. आपल्याला हे नवीन नाही म्हणा.

१७६१ च्या सुमारास मन्स्टरमधल्याच टिपेरारीच्या भागात लोक रात्री कपड्यांवर पांढरे शर्ट चढवून निघायला लागले, त्यावरून व्हाइटबॉइज हे नाव. आधी गायरानाला घातलेली कुंपणं पाडली, मग मोर्चा दशमांशाकडे. गावोगाव शपथा घ्यायला लावायचे, की अमुक दरापेक्षा जास्त द्यायचं नाही. आणि प्रॉक्टरला झोपेतून ओढून काटे भरलेल्या खड्ड्यात गळ्यापर्यंत पुरायचे, तेव्हा त्यांना अगदी हिरो करू नका. सरकारही काही कमी नव्हतं, शेतकऱ्यांची बाजू घेणाऱ्या फादर निकोलस शीहींना १७६६ मध्ये क्लॉनमेलला खुनाच्या आरोपाखाली फाशी दिली, पुरावा एकदम तकलादू.

तुमच्या प्रश्नाचं खरं उत्तर मात्र १७८५ नंतरच्या राइटबॉइज या तशाच दुसऱ्या शेतकरी चळवळीकडे आहे. हे बहुतेक कॅथलिकच, पण त्यांनी दशमांशासोबत स्वतःच्या कॅथलिक पाद्र्यांचेही लग्नाचे, बाप्तिस्म्याचे दर ठरवून टाकले, यापेक्षा जास्त मागायचे नाहीत म्हणून!