टोपी बसली, पण कधी?

प्रिय मुली,

तू पाठवलेला फोटो पाहिला. कालवाची रक्तपेशी, एका टोकाला कॉन-एला जोडलेल्या रंगाची हिरवी चमक, बाकी सगळा काळोख. खाली तू लिहिलंस, ‘कॉन-एचे रिसेप्टर पेशीच्या एकाच बाजूला असतात.’ हे वाक्य आधी खोड. ते तिथे नव्हते, तिथे गेले. कधी आणि कशाच्या जोरावर गेले, ते तुला सांगता आलं पाहिजे.

कॉन-ए म्हणजे कॉन्कॅनॅव्हॅलिन ए, जॅकबीनच्या बियांमधलं लेक्टिन, म्हणजे साखर ओळखून धरणारं प्रथिन. पेशीवर ते ज्यांना धरतं, ते त्याचे रिसेप्टर. जॅकबीन ही आपल्या अबईचीच सख्खी बहीण. जेम्स सुमनर या रसायनशास्त्रज्ञाने 1919 मध्ये कॉन-एचे स्फटिक मिळवले. समुद्राच्या पाण्याच्या पीएचला त्याच्या रेणूला साखर धरणाऱ्या चार जागा असतात, आणि त्यांना मॅनोज, ग्लुकोज आवडतात. पेशीच्या पटलावर साखरेचे धागे मिरवणारी प्रथिनं तरंगत असतात. लेक्टिन एका जागेत एक प्रथिन धरतं, दुसरीत दुसरं, आणि गुंफत गुंफत ठिपके तयार होतात. इथवर पेशीला कष्ट नाहीत. ठिपके ओढून एका टोकाला नेऊन टोपी बसवायची म्हटली की मात्र आतल्या धाग्यांच्या प्रथिनाला, म्हणजे अ‍ॅक्टिनला कामाला लागावं लागतं आणि ऊर्जा खर्ची पडते. उंदराच्या लिम्फोसाइट या पांढऱ्या रक्तपेशींवर प्रतिपिंडं वापरून हे 1971 मध्ये दाखवलं गेलं: गारठ्यात किंवा पेशीची ऊर्जा तोडणारं सोडियम अझाइड घातल्यावर टोपी बसत नाही. कालवाच्या रक्तपेशींवर कॉन-ए बांधून रिसेप्टर कसे सरकतात, ते योशिनो, रेनव्रान्झ आणि चेंग यांनी 1979 मध्ये तपासलं.

म्हणून एक नळी बर्फात ठेव, एकीत अझाइड घाल, एकीतल्या पेशी लेक्टिन घालण्याआधीच फिक्स कर, म्हणजे रसायनाने जागच्या जागी थिजव. फिक्स केलेल्या नळीत कडेने सारखी कडी दिसायला हवी; बाकी दोन्हींत ठिपके दिसले तरी चालतील, टोपी नको. आणखी एकीत मिथाइल मॅनोसाइड मिसळ; ही मॅनोजसारखी साखर कॉन-एच्या जागा अडवून बसते. तिथे चमक जवळजवळ नाहीशी झाली पाहिजे; झाली नाही, तर तुझा रंग साखरेला नव्हे, कशालाही चिकटतोय.

माझ्याकडून एकदा मोठी चूक झाली. रक्त काढून स्लाइड टेबलावर राहिली. कालवाच्या पेशी काचेला लगेच बिलगतात, पसरून पातळ होतात, मधला फुगवटा तेवढा जाड राहतो. जाडी जास्त म्हणून तिथली चमकही जास्त. मी दोन महिने तो फुगवटा टोपी म्हणून मोजला. सगळे आकडे टाकून द्यावे लागले. फोकस वरखाली करून पाहिला असता तर पहिल्याच दिवशी कळलं असतं. तू करतेस ना? रंग न घातलेली पेशीही पाहा, तिची स्वतःची चमक किती ते कळेल.

हे सगळं इतकं जीव तोडून सांगतोय, कारण कालवाकडे प्रतिपिंडं नाहीत. जंतू ओळखायचे ते बरेचसे त्यांच्या अंगावरच्या साखरेवरून, आणि त्यासाठी त्याच्याकडे स्वतःची लेक्टिनं आहेत. तू बाहेरून जे घालतेस, त्याच्या जवळचं काहीतरी कालव स्वतःच्या शरीरात रोज करत असतं.

आता एक, पाच, पंधरा आणि तीस मिनिटांचे फोटो काढ, प्रत्येक नळीचे. पहिल्या मिनिटाचा आधी पाठव.

तुझा,
सर