दिग्गज भेटला तर क्लब विचारू नकोस

महाबळेश्वरला गोल्फची स्पर्धा खेळायला निघालायस ना? नशिबानं एखादा दिग्गज तुझ्याच ग्रुपात आला, तर नमस्कार कर, गप्पा मार. पण ‘कुठली आयर्न मारलीत?’ असं, म्हणजे कुठल्या क्लबनं (गोल्फच्या काठीनं) फटका मारला ते, फेरी संपेपर्यंत विचारू नकोस. सल्ला मागायचा तो आपल्या कॅडीकडे, म्हणजे बॅग उचलणाऱ्या मदतनीसाकडे. दुसऱ्याकडे मागितलास की दोन फटके दंड, म्हणजे तुझ्या फटक्यांत दोनची भर. होलवरचा (चेंडू घालायच्या खड्ड्यावरचा) झेंडा किती लांब, हे मात्र खुशाल विचार, ते चालतं. (नियम कुण्या वकिलानंच लिहिले असावेत!)

बॅगेत क्लब 14 च. 2001 च्या ब्रिटिश ओपन स्पर्धेत वेल्सचा गोल्फर इयन वूझ्नमच्या बॅगेत पंधरावा निघाला, दोन फटके दंड बसला. आणि फटक्यांची नोंद असलेलं कार्ड एकेक होल बघूनच सही कर. 1968 च्या मास्टर्स स्पर्धेला अर्जेंटिनाचा गोल्फर डी व्हिसेंझोच्या कार्डावर सतराव्या होलला सोबतच्या खेळाडूनं तीनऐवजी चार फटके लिहिले होते. यानं तशीच सही ठोकली, एक फटका वाढला आणि प्लेऑफ (बरोबरी सोडवायचा जादा खेळ) हुकला.

चेंडू झाडीत गेला तर शोधायला तीनच मिनिटं.