डिस्नीलँडच्या मेन स्ट्रीटवर तासभर बघण्यासारखं खरंच काय आहे?

तुम्ही विचारलंय की कॅलिफोर्नियातल्या डिस्नीलँडची मेन स्ट्रीट, म्हणजे आत शिरल्यावर किल्ल्याकडे जाणारा रस्ता, दहा मिनिटांत संपली, दोन्ही बाजूंना दुकानंच दुकानं, मग लोक तिथे तासभर रेंगाळतात कशासाठी? आणि पुन्हा जाणं होणार आहे तर काय बघावं?

दहा मिनिटांत संपली, कारण बहुतेकजण सकाळी राइडच्या रांगांच्या धास्तीने समोरच्या किल्ल्यावर नजर लावून सुटतात. सकाळी तसंच करा, त्यात काही चूक नाही. रस्त्यासाठी दुपारी परत या. इथली निम्मी गंमत वरच्या मजल्यावर आणि बाजूच्या बोळात आहे, आणि बरीचशी ऐकायची आहे.

आधी थोडी पार्श्वभूमी. पार्क 17 जुलै 1955 ला उघडलं. हा रस्ता म्हणजे विसाव्या शतकाच्या सुरुवातीचं अमेरिकेतलं एक छोटं गाव. वॉल्ट डिस्नीचं लहानपण गेलं ते मिझुरीतलं मार्सलीन आणि आराखडे काढणाऱ्या हार्पर गॉफचं कोलोरॅडोतलं फोर्ट कॉलिन्स, या दोन्हींची त्यात सरमिसळ आहे. आत शिरताना आगगाडीच्या भरावाखालून जाणारे दोन बोगदे लागतात. तो मातीचा भराव पार्कभोवती फिरतो आणि बाहेरचं शहर झाकतो. बोगद्यात राइड्सची पोस्टर लावलेली असतात. तिथे जरा थांबायला हरकत नाही, फक्त मधोमध थांबू नका, मागून बाबागाड्यांचा लोंढा येत असतो.

बोगद्यातून बाहेर आलात की चौक. मधल्या ध्वजस्तंभाचं बुड नीट बघा. सजावट बघणारा एमिल कुरी याने ते लॉस एंजेलिसच्या विल्शायर बुलेव्हार्डवरून आणलं. गाडीने ठोकरून पाडलेल्या दिव्याच्या खांबाचं ते बुड, पाच डॉलरला घेतलेलं. रस्त्यावरचे गॅसचे दिवेही असेच, एकोणिसाव्या शतकातले, बाल्टिमोर आणि फिलाडेल्फियाहून भंगाराच्या भावाने आणलेले. आत खरी गॅसची ज्योत जळते, त्यामुळे अंधार पडू लागल्यावर बघितले तर जास्त मजा.

डाव्या हाताला अग्निशमन केंद्र आहे. त्याच्यावर वॉल्टचं छोटं घर होतं. त्या खिडकीत त्याच्या आठवणीसाठी दिवा तेवत ठेवतात, नाताळात तिथे छोटं झाड दिसतं. खाली केंद्रात आत जाता येतं, जुना बंब बघता येतो आणि वर छतात शिरणारा घसरायचा खांबही. शेजारच्या सिटी हॉलमध्ये पहिल्या भेटीचे किंवा वाढदिवसाचे बिल्ले फुकट मिळतात. मागितल्याशिवाय कोणी देत नाही.

आता वर बघा. इमारतींचे वरचे मजले मुद्दाम खालच्यापेक्षा लहान मापाने बांधलेत, म्हणून बुटक्या इमारतीही उंच वाटतात. पटत नसेल तर दुकानाचं दार आणि त्याच्या डोक्यावरची खिडकी यांची उंची डोळ्यांनी ताडून बघा. किल्ल्यातही हीच युक्ती आहे. त्याची उंची जेमतेम 77 फूट, वर जावं तसतसे दगड बारीक होत जातात. उलट दुकानांच्या काचा खाली आणल्यात, कडेवर न घेता पोरांना आतलं दिसावं म्हणून.

वरच्या खिडक्यांवर रंगवलेली नावं म्हणजे पार्क घडवणाऱ्यांची श्रेयनामावली आहे. प्रत्येकाला एक लटका धंदा दिलाय. डाव्या रांगेतल्या एम्पोरियम या मोठ्या दुकानाच्या वर वॉल्टच्या वडिलांचं नाव सापडेल: एलायस डिस्नी, कंत्राटदार, स्थापना 1895. अडचण एकच, ऊन. काचेवर थेट ऊन असलं की फोटोत नुसती चकाकी येते. रस्ता साधारण दक्षिण-उत्तर आहे, तेव्हा एम्पोरियमच्या बाजूची नावं दुपारनंतर वाचा आणि समोरची सकाळी. मोबाइलचा झूम लागतोच.

कानांसाठी दोन जागा आहेत. उजव्या रांगेतलं मार्केट हाउस, जिथे 2013 पासून स्टारबक्स आहे. भिंतीवर जुने टेलिफोन टांगलेत. त्या काळी एकाच लाइनवर अनेक घरं असायची आणि शेजारणीचं बोलणं बिनधास्त ऐकू यायचं, तेच इथे ऐकायला मिळतं. लोक रिसीव्हर उचलतात, दोन सेकंदांत काही ऐकू आलं नाही की ठेवून देतात. कानाला घट्ट धरून जरा थांबा. सकाळी कॉफीच्या रांगेच्या कलकलाटात काही कळत नाही, म्हणून दुपार बरी.

दुसरी जागा त्याच बाजूचा आडवा बोळ, सेंटर स्ट्रीट. तिथे वर दातांच्या डॉक्टरची पाटी आहे, ‘वेदनारहित’ उपचारांची, आणि खिडकीतून ड्रिलची घरघर आणि पेशंटचं कण्हणं ऐकू येतं. हॉटेल मार्सलीनच्या खिडकीतून पाण्याचे आवाज येतात. परेडचं संगीत चालू असेल तर यातलं काहीच ऐकू येणार नाही. वेळापत्रक बघून परेडच्या आधी बराच वेळ ठेवा.

नाकाचंही आहेच. कँडी पॅलेसबाहेर गोड वास येतो, तो भिंतीतल्या झरोक्यातून मुद्दाम सोडलेला असतो. धंद्याची अक्कल म्हणायची!

किल्ल्याच्या टोकाला डाव्या कोपऱ्यावर कोका-कोलाचं रिफ्रेशमेंट कॉर्नर आहे. तिथल्या छताखालच्या बल्बांची ओळ एक लाल, एक पांढरा अशी जाते. संख्या विषम, त्यामुळे कोपऱ्यात जोडी जुळेना. मग एक बल्ब अर्धा लाल, अर्धा पांढरा रंगवला. बसायच्या जागेतून बल्ब एकेक मोजत कोपऱ्यापर्यंत गेलात तर सापडतो, वरवर बघून नाही. मला विचाराल तर अख्ख्या रस्त्यावरची सर्वांत भारी गोष्ट हीच. तिथेच पियानोवाला वाजवत असेल तर बर्फाचं काहीतरी घेऊन बसा.

घोड्याची ट्राम, दुमजली बस, बंब, मोटार ही वाहनं तिकिटातच येतात. चौकातून किल्ल्यापर्यंत किंवा उलट, एकाच दिशेची फेरी असते. परेडच्या आधी बंद होतात, म्हणून सकाळी किंवा दुपारच्या आत बसून घ्या. घोड्यांच्या नालांना पॉलियुरेथेनचं आवरण असतं, घोडा घसरत नाही आणि टापांचा आवाजही छान येतो. रुळांच्या खाचेत मात्र बाबागाडीचं पुढचं चाक हमखास अडकतं. रूळ ओलांडताना गाडी आडवी काटकोनात न्या, रुळाच्या रेषेत ढकलू नका.

गर्दी फार झाली तर एम्पोरियमच्या बाजूने दुकानांच्या आतूनच पुढे सरका, बरीचशी दुकानं आतून एकमेकांना जोडलेली आहेत. परेडच्या वेळी तर तोच रस्ता. उन्हाळ्यात एसीही मिळतो.

भारतातून हाँगकाँगला जाणाऱ्यांसाठी: तिथली 2005 मधली मेन स्ट्रीट बरीचशी याच आराखड्यावर आहे, पण वॉल्टचं घर आणि तो दिवा इथेच. टोकियोत पावसामुळे वर काचेचं छत आहे, पॅरिसमध्ये दुकानांच्या मागून झाकलेल्या गल्ल्या काढल्यात.

खरेदी अगदी शेवटी करा. पार्क बंद झाल्यावरही या रस्त्यावरची दुकानं थोडा वेळ उघडी असतात. आतषबाजी संपल्याबरोबर सगळे एकदम गेटकडे धावतात, तेव्हा अर्धा तास चौकातल्या बाकावर बसून राहिलात तर गॅसचे दिवे निवांत बघता येतील आणि पार्किंगच्या ट्रामची रांगही ओसरलेली असेल.