कॉर्गीच्या पाठीचा खर्च 20 वर्षं वाट पाहणार नाही

प्रश्न: माझी पेम्ब्रोक कॉर्गी जातीची कुत्री 5 वर्षांची आहे, वजन 16 किलो. तिचा आरोग्य विमा काढावा का? तिच्या म्हातारपणाची सोय म्हणून 2 वर्षांपूर्वी एजंटच्या सांगण्यावरून मी स्वतःच्या नावाने 20 वर्षांची पॉलिसी घेतली. कमाईचा दहावा हिस्सा त्यात जातो, हाताशी जेमतेम अर्ध्या महिन्याचा पगार असतो. हल्ली ती आळशी झालीय, सोफ्यावर चढण्याआधी घुटमळते. एकदा पिल्लं होऊ दिली तर ती विकून हप्ते सुटतील असं वाटतं.

उत्तर: विम्याचं नंतर बघू. सोफ्यापाशी घुटमळणं हा आळस नाही. गुरं वळणारी ही जात, तिला उगाच बसून राहणं माहीत नसतं. उद्याच डॉक्टरांना तिची पाठ दाखवा आणि तोवर उड्या, जिने बंद करा.

पाय आखूड करणाऱ्या जनुकीय बदलामुळेच या कुत्र्यांच्या मणक्यांमधल्या गाद्या लवकर सुकतात, कडक होतात. गादी सरकण्याचा त्रास बहुधा 3 ते 7 वर्षांच्या दरम्यान डोकं वर काढतो. माझ्याकडेही कॉर्गी होती. एका रात्री फरशीवर नखं घासल्याचा आवाज आला म्हणून दिवा लावला, तर ती पुढच्या दोन पायांवर अंग ओढत पाण्याच्या भांड्याकडे निघाली होती. मागचे पाय असे गेले की शस्त्रक्रियेचा निर्णय काही तासांत घ्यावा लागतो. पैसे बचत खात्यात होते, म्हणून त्या रात्री मला फक्त तिचा विचार करता आला.

तुमचे पैसे कुठे आहेत? पॉलिसीची मुदत संपेल तेव्हा तुमची कॉर्गी 23 वर्षांची असायला हवी. ही जात साधारण 12-13 वर्षं जगते. एजंटने तुम्हाला म्हातारपणाची सोय म्हणून जे विकलं, ते तिच्या हयातीत हाती येणारच नाही. हे त्याला दोन मिनिटांत कळलं असतं. त्याने विचारलंच नाही, याचा मला राग येतो.

हिशेब सोपा आहे. महिन्याची कमाई 100 धरा. 10 प्रमाणे 24 हप्ते, म्हणजे 240. साध्या बचत खात्यात ठेवले असते तर आज जवळपास अडीच महिन्यांचा पगार हाताशी असता. पॉलिसी सरेंडर केली, म्हणजे मुदतीआधीच बंद केली, तर किती मिळेल, हे कंपनीकडून लेखी मागवा. निम्मे आले तरी सव्वा महिन्याची कमाई मोकळी होते. पुढचे 10 दर महिन्याला तिच्या वेगळ्या खात्यात टाका. वर्षभरात, आत्ताचं शिल्लक धरून, जवळजवळ तीन महिन्यांची कमाई जमेल. भरलेले गेले म्हणून आणखी भरत राहू नका. तुमच्यावर कुणी अवलंबून असेल तर पॉलिसी सोडण्याआधी स्वतःचा साधा मुदत विमा (तुमच्या मृत्यूनंतर घरच्यांना पैसे देणारा) काढा.

पिल्लांचा विचार मात्र सोडूनच द्या. दुखऱ्या पाठीवर पोटातल्या पिल्लांचं ओझं, त्यातून 5 व्या वर्षी पहिलं बाळंतपण, कदाचित सिझेरियन. त्याआधी नितंबाच्या सांध्यांचे एक्स-रे, जनुकीय चाचण्या. यातून हप्ते सुटत नाहीत, नवा खर्च उभा राहतो.

आता विमा. पाठीची तक्रार एकदा नोंदली गेली की बहुतेक विमा कंपन्या ती आधीचा आजार धरून वगळतात. लपवून विमा काढू नका, दावा फेटाळला जाईल. पाठ वगळूनही हप्ता परवडत असेल तर इतर आजारांसाठी घ्या, पण आधी खातं भरा.

आणि तिचं वजन. या जातीची मादी साधारण 11-12 किलोची असते. ते 4 किलो तिच्या पाठीवर आहेत. डॉक्टरांना विचारून वाटी मोजून खायला द्या. गळ्यातल्या पट्ट्याऐवजी हार्नेस (छातीभोवती बांधायचा पट्टा) लावा, सोफ्याला उतरती फळी जोडा. डॉक्टर काय म्हणाले आणि सरेंडरचा आकडा किती आला, दोन्ही मला कळवा.